फायरमन भरतीची तयारी करतोय, आगीबद्दलचं बेसिक नॉलेज काय काय पाहिजे?

तू लिहिलंयस की बारावी झाली, वय १९, रनिंग आणि पुलअप्स चालू आहेत पण आगीबद्दल काहीच माहीत नाही, कोर्सला जायच्या आधी नेमकं काय शिकून ठेवू. चांगला प्रश्न विचारलायस, कारण भरतीच्या ग्राउंडवर येणारी बहुतेक पोरं फक्त पळून पळून तयार झालेली असतात, स्टॅमिना एकदम भारी, पण बंद दाराच्या फटीतून धूर येतोय तर तो धूर काय सांगतोय हे विचारलं की गप्प. मी एका महापालिकेच्या अग्निशमन दलात आहे, नवीन पोरांना ड्रिलला उभं करायचं काम माझ्याकडे बऱ्याचदा येतं, त्यामुळे मला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगतो. आग समजून घ्यायला शिक. अंगातली ताकद सहा महिन्यांत येते, पण आग बघून ती पुढच्या पाच मिनिटांत काय करणार हे ओळखायची सवय लागायला वेळ लागतो आणि ती आत्तापासून लावता येते.

सुरुवात फायर ट्रँगलपासूनच कर, पण पाठ करून सोडू नको. उष्णता, इंधन आणि ऑक्सिजन या तीन बाजू, यातली एक काढली की आग विझते. उष्णता काढली की कूलिंग, हवा तोडली की स्मदरिंग, इंधन बाजूला केलं की स्टार्व्हेशन. चौथी गोष्ट म्हणजे ज्वाळेत चाललेली केमिकल चेन रिअ‍ॅक्शन, डीसीपी म्हणजे ड्राय केमिकल पावडर मुख्यतः तीच तोडते, म्हणून पावडर मारल्यावर ज्वाळा झटकन पडते पण खालचं सामान गरमच राहतं आणि लक्ष नसेल तर परत पेटतं. कूलिंग करत आम्ही तासन् तास जागेवर का थांबतो असं लोक विचारतात, त्याचं कारण हेच आहे. हवेत ऑक्सिजन साधारण २१ टक्के असतो, तो १५-१६ टक्क्यांच्या खाली गेला की ज्वाळा टिकत नाही, पण धुमसणं चालू राहू शकतं. कापसाच्या गठाणी, गादी कारखाने, भंगार आणि रद्दीची गोडाऊनं, इथे हा प्रकार फार त्रास देतो, वरून विझल्यासारखं दिसतं आणि आत चार फुटांवर लाल असतं.

आता एक गोष्ट नीट डोक्यात बसव, लाकूड किंवा पेट्रोल स्वतः जळत नाही, त्यातून निघणारी वाफ जळते. एवढं कळलं की अर्धा फायर सायन्स कळला. लाकूड तापलं की त्यातून गॅस निघतो आणि तो पेटतो. पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे पेटण्याइतकी वाफ सुटायला लागते ते तापमान, उणे ४३ अंश सेल्सिअसच्या आसपास आहे, म्हणजे आपल्याकडच्या कुठल्याही हवामानात ते पेटायला तयार वाफ सोडतच असतं, आणि ती वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत पसरत लांब जाते. म्हणून टँकर पलटी झाल्याची वर्दी आली की आम्ही आधी वारा कुठून आहे ते बघतो, गाडी ज्या बाजूने वारा येतोय त्या बाजूला लावतो आणि बघ्यांना लांब हाकलतो, पाणी नंतर. लेखी परीक्षेत फ्लॅश पॉइंट, फायर पॉइंट आणि इग्निशन टेंपरेचर यातला फरक हमखास विचारतात, तो तर करच.

आगीचे क्लास फटाफट सांगतो कारण हे कुठल्याही पुस्तकात मिळेल. ए म्हणजे लाकूड-कागद-कापडासारखे घन पदार्थ, बी म्हणजे ज्वलनशील द्रव, सी म्हणजे गॅस, डी म्हणजे मॅग्नेशियमसारखे धातू, आणि स्वयंपाकाच्या तेलाला आता एफ म्हणतात. अमेरिकन व्हिडिओ बघून पोरं गोंधळतात कारण त्यांच्याकडे सी म्हणजे इलेक्ट्रिकल आणि तेलाला के, तर परीक्षेला आपलंच लिही. इलेक्ट्रिकल आग आपल्याकडे वेगळा क्लास धरत नाहीत, सप्लाय बंद केला की जे जळतंय त्याप्रमाणे ती ए किंवा बी होते. सप्लाय बंद झालाय याची खात्री होईपर्यंत पाण्याला हात लावायचा नाही, आणि ‘केला बंद, केला बंद’ असं गर्दीतून कोणी ओरडलं तर ती खात्री नव्हे. कढईतलं तेल पेटलं तर पाणी कधीच नाही, पाणी तेलाखाली जातं, क्षणात वाफ होतं आणि पेटतं तेल छतापर्यंत उडवतं. गॅस बंद करून झाकण सरकवायचं आणि गार होईपर्यंत उचलायचं नाही. एक्स्टिंग्विशर वापरताना पिन काढ, आगीच्या बुडाला नेम धर, दाब आणि डावीकडून उजवीकडे फिरव, आणि लक्षात ठेव की नेहमीचा छोटा सिलिंडर पंधरा-वीस सेकंदांत संपतो, म्हणून पाठीमागे पळायला वाट ठेवूनच उभं राहायचं. सीओटूचा असेल तर पुढच्या भोंग्याला हात लावायचा नाही, तो इतका गार होतो की कातडी चिकटते.

आता पाणी. मला यावर जास्त बोलायचंय कारण नवीन पोरांना वाटतं पाणी म्हणजे फक्त मारायचं. एक लिटर पाणी ३० अंशांवरून १०० अंशांवर नेताना ते जेवढी उष्णता खातं, त्याच्या सात-आठ पट उष्णता ते उकळून वाफ होताना खातं. म्हणजे खरं काम पाणी वाफ होतं तेव्हा होतं. जाड जेटने मारलेलं पाणी बरंचसं भिंतीवर आपटून जिन्यातून खाली वाहून जातं, खालच्या मजल्यावरच्यांचं सामान भिजवतं आणि आगीचं फारसं काही बिघडत नाही. तेच स्प्रे करून बारीक थेंबात दिलं की कमी पाण्यात जास्त उष्णता निघते. पण जेटही लागतो, लांबून मारायचं असेल, गठाणी फोडून आत पाणी घालायचं असेल, छताजवळची आग पाडायची असेल तेव्हा जेटच, कुठे काय हे नोझल हातात घेऊनच कळतं. आणि दुसरी बाजू, पाण्याची वाफ झाली की आकारमान साधारण १७०० पट होतं. बंद खोलीत धुराला जायला वाट नसताना बेफाम पाणी मारलं तर ती वाफ तुझ्यावरच येते, फायर सूटच्या आत घामाने भिजलेला शर्ट असतो, तिथे भाजतं. म्हणून समोरच्या बाजूने धूर बाहेर जायला खिडकी उघडी आहे का, आपल्या पाठीमागे कोण आहे, हे बघून पाणी सोडायचं.

पंपाचं गणितही थोडं कर. १० मीटर उंचीला साधारण १ बार प्रेशर लागतं. २० मजली बिल्डिंग साधारण ६० मीटर धर, म्हणजे नुसतं पाणी वर चढवायलाच ६ बार गेले, त्यात होजमधलं, म्हणजे आमच्या पाण्याच्या पाइपमधलं, फ्रिक्शन लॉस म्हणजे घर्षणात वाया जाणारं प्रेशर, त्यात नोझलला नीट काम करायला लागणारं प्रेशर वेगळं. यावरून कळेल की टॉवरमध्ये आग लागली तर बिल्डिंगची स्वतःची रायझर लाईन म्हणजे आगीसाठीची उभी पाइपलाईन, टाकी आणि पंप चालू असणं का एवढं महत्त्वाचं आहे, आमच्या गाडीच्या जोरावर सगळं होत नाही. महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा आहे, त्याखाली ही यंत्रणा चालू आहे याचं प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून घेऊन सोसायटीने वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचं असतं. कागद असतो, आणि वर गेल्यावर हायड्रंटचा व्हॉल्व्ह गंजलेला, होजबॉक्समध्ये झाडू आणि जुन्या चपला, नोझल चोरीला गेलेलं, हे इतक्या वेळा बघितलंय की राग येतो. तू फायरमन झालास आणि कुठे तपासणीला सोबत गेलास तर व्हॉल्व्ह स्वतः फिरवून बघ. सक्शनबद्दल एक प्रश्न नेहमी असतो, विहिरीतून किंवा तळ्यातून पंप पाणी किती खोलवरून ओढू शकतो, थिअरीने १०.३ मीटर पण प्रत्यक्षात साधारण ७ मीटर धरायचं, कारण पाणी पंप ओढत नाही, हवेचा दाब ते वर ढकलतो.

धूर. आगीत माणसं भाजून मरतात असं सगळ्यांना वाटतं, पण आम्ही आत जातो तेव्हा बऱ्याचदा अंगावर भाजल्याची खूण नसलेला माणूस दाराजवळ पडलेला सापडतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटीहून जास्त घट्ट चिकटतो. त्यात आजकालची घरं म्हणजे फोमचा सोफा, रेक्झिन, पीव्हीसी, प्लायवूड, फॉल्स सीलिंग, यातून हायड्रोजन सायनाइडसारखे गॅस निघतात, दोन-चार श्वासात माणूस गोंधळतो आणि बाहेर जायच्या दाराऐवजी बाथरूममध्ये जाऊन बसतो. जुन्या बिल्डिंगमध्ये मीटर बॉक्स तळमजल्यावर जिन्याखाली असतो आणि शेजारी पार्किंगच्या गाड्या, तिथे रात्री आग लागली की जिना चिमणीसारखा धूर वर ओढतो. वरच्या मजल्यावरचे लोक घाबरून दार उघडतात आणि थेट त्या धुरात उतरायला लागतात, दार बंद करून फटीला ओलं कापड लावून खिडकीत थांबले असते तर बहुतेक वेळा शिडीने काढता आलं असतं. हे तू आत्ताच तुझ्या घरच्यांना आणि शेजाऱ्यांना सांग, त्यासाठी फायरमन व्हायची वाट बघायची गरज नाही.

फायरमनने धुराकडे बघताना रंग, दाटपणा, वेग आणि तो बाहेर येतोय का आत ओढला जातोय हे बघायचं. दोन शब्द नीट समजून घे, फ्लॅशओव्हर आणि बॅकड्राफ्ट, परीक्षेलाही येतात आणि जीवही त्यांच्यावरच असतो. फ्लॅशओव्हरमध्ये खोलीत हवा असते, छताखाली साठलेला गरम धुराचा थर तापत तापत ५००-६०० अंशांपर्यंत जातो आणि मग खोलीतलं सगळं एकदम पेटतं, सोफा, पडदा, टेबल, सगळं. त्याच्या आधी छतालगत ज्वाळांच्या जिभा पळताना दिसतात, उष्णता इतकी वाढते की तुला आपोआप खाली बसावंसं वाटतं, त्या वेळी एक तर वरच्या थराला स्प्रे मारून गार करायचं नाहीतर निघायचं, मध्ये विचार करत उभं राहायला वेळ नसतो. बॅकड्राफ्ट उलटा, तिथे हवा संपलेली असते, बंद गाळ्यात किंवा गोडाऊनमध्ये आग गुदमरून बसलेली असते, काचा आतून काळ्या, शटर गरम, फटीतून दाट धूर थांबून थांबून बाहेर येतो आणि परत आत जातो. असं शटर कोणी उत्साहाने खाडकन वर केलं की आत हवा शिरते आणि स्फोटासारखी आग बाहेर येते. गाळ्याचा मालक शेजारी उभा राहून ‘लवकर उघडा हो’ म्हणत असतो, त्याचं सगळं आत जळत असतं, त्याचं दुःख कळतं, तरी आधी उलट्या हाताने खालून वरपर्यंत उष्णता बघायची, होज चार्ज करून, म्हणजे पाण्याने भरून, हातात घ्यायचा, शटरच्या समोर कोणाला उभं ठेवायचं नाही, शक्य असेल तर वरून धूर काढायचा आणि मगच उघडायचं.

आत जायचं तर बीए सेट, म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर आणि तोंडावर मास्क. त्यात ऑक्सिजन नसतो, साधी हवा दाबून भरलेली असते, अनेक बातम्यांतही हे चुकीचं लिहितात. गणित सोपं आहे, ६ लिटरचा सिलिंडर ३०० बारला भरला तर १८०० लिटर हवा, मिनिटाला ४० लिटर धरली तर ४५ मिनिटं. पण जिने चढून, होज ओढत, घाबरलेला माणूस श्वास जास्त घेतो, प्रत्यक्षात अर्ध्या तासाच्या आसपास धरायची आणि त्यातच बाहेर यायचा वेळही काढायचा. साधारण ५५ बारला शिट्टी वाजायला लागते, शिट्टी वाजली म्हणजे निघायला सुरुवात कर असं नवीन पोरांना वाटतं, माझं म्हणणं आहे की शिट्टी वाजते तेव्हा तू दाराशी असायला पाहिजेस. एकट्याने आत जायचं नाही, दोघांनीच, आणि एक हात भिंतीला लावला की तो बाहेर येईपर्यंत भिंत सोडायची नाही. याची प्रॅक्टिस घरी होते, डोळ्यांवर रुमाल बांध आणि रांगत स्वतःचं घर फिर, पलंगाखाली आणि दारामागे हात घालत जा, लहान मुलं आगीत तिथेच लपतात.

गॅस सिलिंडरच्या वर्द्या तुला सगळ्यात जास्त येतील त्यातल्या असतील. घरातला सिलिंडर १४.२ किलोचा, एलपीजी हवेपेक्षा जड, म्हणून तो ओट्याखाली, पलंगाखाली, गटारात साठतो, आणि हवेत साधारण २ ते ९ टक्के मिसळला की पेटायला तयार. वास आला की रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघडी, आणि लाईटचं बटण चालूही करायचं नाही आणि बंदही करायचं नाही, ठिणगी दोन्ही वेळा पडते. सीएनजी उलट हलका, तो वर जातो. सिलिंडरच्या तोंडाशी आग असेल आणि व्हॉल्व्ह बंद करता येत नसेल तर ज्वाळा विझवायची घाई करायची नाही, कारण ज्वाळा गेली पण गॅस येत राहिला तर तो खोलीभर होतो आणि मग एकदाच पेटतो. सिलिंडरला आणि आजूबाजूच्या वस्तूंना गार करत राहायचं. आगीत सापडलेला सिलिंडर आतल्या द्रवाच्या उकळण्याने फुटतो, त्याला ब्लेव्ही म्हणतात, तिथे आडोशाने आणि लांबून पाणी. इलेक्ट्रिक स्कूटरच्या बॅटरीचंही शिकून घे, लिथियम बॅटरीत एक सेल तापला की शेजारचा तापवत जातो, पावडरने ज्वाळा पडते पण सेल तापलेलेच राहतात, भरपूर पाणी आणि भरपूर वेळ द्यावा लागतो, काही तासांनी परत पेटल्याचं होतं.

१४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन का, हे परीक्षेपुरतं नको, नीट वाच. १९४४ साली मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन नावाच्या जहाजात कापसाच्या गाठी आणि युद्धाचा दारूगोळा एकत्र भरलेला होता. आग कापसात होती, धुरामुळे तिचं मूळ सापडेना, आमची माणसं होज धरून उभी राहिली आणि दुपारी चारनंतर जहाज फुटलं, ६६ अग्निशामक गेले. दुसरं उदाहरण अलीकडचं, ९ मे २०१५, काळबादेवीची गोकुळ निवास इमारत, जुनं बांधकाम आगीत कोसळलं आणि मुंबई अग्निशमन दलाचे चार वरिष्ठ अधिकारी गेले, तेव्हाचे मुख्य अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर त्यात होते. या दोन्ही घटनांतून मी पोरांना एकच प्रश्न विचारायला शिकवतो, आत काय भरलंय आणि हे कशावर उभं आहे? लाकडी तुळयांची बिल्डिंग तासभर जळली की तुळई बारीक होते, लोखंडी गर्डर असेल तर तो तापून वाकतो, वर आम्ही ओतलेलं पाणी, म्हणजे हजार लिटरला एक टन वजन. भिंतीला नवीन भेग, प्लास्टर पडणं, कडकड आवाज, दार चौकटीत अडकणं, हे दिसलं की अधिकाऱ्याला लगेच ओरडून सांगायचं, तू नवीन आहेस म्हणून गप्प बसायचं नाही.

हाताचं काम म्हणून गाठी शिक. सहा-सात फूट दोरी घे आणि क्लोव्ह हिच, बोलाइन, रीफ नॉट, शीट बेंड, चेअर नॉट हे डोळे मिटून येईपर्यंत कर. शिडी लावताना उंचीच्या पाव भाग पाया बाहेर, म्हणजे आठ मीटरवर टेकवायची तर खाली दोन मीटर, आणि खाली एकाने शिडी दाबून धरायचीच. होज खांद्यावर घेऊन पळायची सवय कर, ६३ मिलिमीटरचा होज पाण्याने भरला की ओढून बघ म्हणजे ताकद कुठे लागते ते कळेल, दंडापेक्षा मांड्या आणि कंबर.

कोर्सबद्दल, महाराष्ट्रात सरकारी अग्निशमन प्रशिक्षण केंद्राचा सहा महिन्यांचा अग्निशामक कोर्स आहे, मुंबईत सांताक्रूझ पूर्वेला. अधिकारी व्हायचं असेल तर नागपूरचं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे, १९५६ ला रामपूरला सुरू होऊन नंतर नागपूरला आलं. खाजगी ‘फायर अँड सेफ्टी’ डिप्लोम्याला पैसे भरायच्या आधी फार सावध राहा. ज्या महापालिकेत जायचंय तिच्या मागच्या जाहिराती डाउनलोड कर आणि कोणतं प्रमाणपत्र चालतं ते शब्दशः वाच, उंची-छाती-वजनाचे आकडेही तिथूनच घे कारण ते जागोजागी वेगळे असतात. गरीब घरातली पोरं कर्ज काढून असा डिप्लोमा करतात आणि कागदपत्र पडताळणीला बाहेर पडतात, ते बघवत नाही. ड्रायव्हिंग शिकून ठेव, पुढे यंत्रचालक व्हायला उपयोगी, आणि एमएससीआयटी व मराठी लिहिणं-वाचणं चांगलं ठेव, प्रत्येक वर्दीचा रिपोर्ट लिहावा लागतो.

अजून एक, आग हा आपल्या कामाचा एक भाग आहे. मांज्यात अडकलेली घार, पावसाळ्यात पडलेली झाडं, लिफ्टमध्ये अडकलेली माणसं, विहिरीत पडलेलं वासरू, अपघातात गाडीचा पत्रा कापून काढायचा ड्रायव्हर, आणि पूर. २०१९ ला कोल्हापूर-सांगलीत काय झालं ते तू लहान असताना टीव्हीवर बघितलं असशील. त्यामुळे पोहायला येत नसेल तर उद्यापासून तलावावर नाव घाल, विहिरीत पोहणाऱ्या माणसाबरोबर जाऊन शिकलास तरी चालेल पण एकटा उतरू नको. कपडे अंगावर ठेवून पोहायची पण सवय कर, जाहिरातीत पोहणं लिहिलेलं असो वा नसो. गाठी किंवा पंपाच्या गणितात अडलास तर इथेच खाली विचार, ड्युटी संपली की उत्तर देतो.